तिसरी कॉपी

छावणी मंडीमागे कोठारींचा धरमकाटा.
तिथला प्रिंटर तेवीस वर्षांचा.
नवा का घेत नाही, विचारलं
तर मुनीम गेंदालाल काही न बोलता
तीन कागद पुढे सरकवतो : पांढरा, पिवळा, गुलाबी,
मध्ये कार्बन.
नवे शाई शिंपडतात, काकी. ठोकत नाहीत.
ट्रॉलीवाल्याच्या गुलाबीपर्यंत पोचायला
ठोकावंच लागतं.

झाकण उघडलं. लौंगची शेव निघाली,
सोयाबीनचा भुसा, एक वाळलेलं झुरळ,
आणि हेडच्या दांडीला बांधलेला
कुणाच्या तरी नवसाचा लाल दोरा.
दोरा तसाच ठेवला.
कोण जाणे, त्याच्यावरच चालत असेल.

चपट्या केबलचं पोर्ट गेल्या वर्षीच्या विजेत जळालेलं.
उरलं सीरियल,
ज्याला इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता,
प्लॅस्टिकचं टोपण अजून कंपनीचं.

पिशवीत दिनमणीदादाचं कार्ड होतं,
कुणाच्या तरी मुंजीचं, मागे पेनाने काढलेली आकृती.
जेलरोडच्या दुकानात ते सोल्डरच्या तारेला टोचलेलं असायचं.
(आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.)
दोन तीनला. तीन दोनला. सात जमिनीची.
खाली तिरकं अक्षर :
आपलं बोलणं ते त्याचं ऐकणं.
एवढं चुकलं तर बाकी बरोबर असून उपयोग नाही.

तसंच केलं. जमिनीची तेवढी इकडे पाचला.
हिरवा दिवा लागला,
आणि दोन वाजेपर्यंत फक्त दिवाच.
बाहेर ट्रॉल्या सांवेर रोडपर्यंत गेल्या,
गेंदालाल हाताने पावत्या फाडत होता
आणि माझ्याकडे बघत नव्हता, तेही मला दिसेल अशा बेताने.

मग चष्मा पुसून
कॉम्प्युटरच्या मागच्या पिना मोजल्या.
नऊ.
दादाच्या काळात इकडेही पंचवीस असत.
नऊवाल्यात दोन आणि तीन
आधीच आपसात बदललेल्या.
त्याने उलटं केलं ते बरोबर,
मी त्याचं ऐकून पुन्हा उलटं केलं,
आणि सकाळपासून
बोलणारा बोलणाऱ्याला जोडलेला,
ऐकणारा ऐकणाऱ्याला कान लावून बसलेला.

दादाशी भांडायची सवय होती, समोरून उत्तर यायचं.
कार्डावर त्याच्या आकड्यांशेजारी
पेन्सिलने लिहिलं : नऊवाल्याला सरळ.
त्याचं काही खोडलं नाही.

मग प्रिंटर बोलला.
पाउंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह, पुन्हा पाउंड,
तीन स्वल्पविराम.
इंग्रजांच्या राज्यातला हिसाब आहे का, गेंदालाल म्हणाला.
मी नऊ हजार सहाशेने पाठवत होते,
तो बाराशेने ऐकत होता.
मागचे बारीक खटके केसातल्या आकड्याने सरकवले,
दोन वर, एक खाली.

आता मजकूर आला, पण निव्वळ वजनाची ओळ गायब.
त्याला थांब म्हणता येत नव्हतं.
दम लागला तरी इकडून धाड धाड येतच होतं,
जे झेपलं नाही ते सांडलं.
त्याच्या विसाव्या पिनेतून एक तार
आमच्या आठव्या पिनेला.
त्या तारेला दुसरं काही काम नाही,
थांब म्हणणं, आणि मग, चल.

खर्र, खर्र. सोयाबीन.
भरलेली ५७४०. रिकामी २३६०.
निव्वळ ३३८०.
ट्रॉलीवाल्याने, भैरूलाल नाव, गुलाबी कागद
उन्हात धरला. हा आठ आहे की तीन?
खरंच कळत नव्हतं.
डावीकडची खिट्टी एक घर आत ओढली
आणि पुन्हा छापलं, यंदा आवाज टेबलातून पायात आला.

त्याने आकड्याकडे पाहिलंच नाही.
कागद पालटून मागून बोट फिरवलं,
सावकाश, एका एका अंकावरून.
उठलाय, म्हणाला,
आणि ट्रॅक्टरवर चढला.

माझे सातशे रुपये
गेंदालालने वहीत हाताने लिहिले.